काठी एकीची, राखण दुसरीची

थोरलीच्या तोंडाला लागू नये हे त्या गल्लीत पोराटोरांनाही ठाऊक होतं. बाजाराच्या मागे जिन्याखाली तिचं दुकान. दुकान म्हणजे काय, एक शिलाई मशीन, दोन स्टुलं, भिंतीला खिळे आणि खिळ्यांना लटकलेल्या लोकांच्या पँटी. नवे कपडे ती शिवत नसे. पायघोळ पँट आखूड करायची, बिघडलेली चेन बदलायची, कंबर सैल करून द्यायची. कंबर सैल करायला आलेल्या माणसाला ती काम होईपर्यंत त्याच्या खाण्यापिण्याबद्दल चार शब्द सुनवायची, आणि माणसं मान खाली घालून ऐकून घ्यायची, कारण तिच्या हातची शिवण उसवत नसे. जिन्याच्या दुसऱ्या अंगाला चाव्या करून देणारा एक म्हातारा बसायचा. त्याने तिच्याशी कधी वाद घातला नाही आणि म्हणूनच तो इतकी वर्षं तिथे टिकला, असं तो स्वतःच सांगायचा.

पण तिचा खरा दबदबा दुकानात नव्हता, खडकांवर होता. मोठी ओहोटी लागली की एरवी पाण्याखाली असणारे काळे खडक उघडे पडतात. त्यांच्या कपारींत पाणी अडकून राहतं आणि त्या पाण्यात मासेही. तिथे जाळं चालत नाही, दोरी फेकून गळ टाकावा तर तो दगडात अडकतो. चालते ती काठी. लांबलचक बांबू, टोकाला वीतभर जाड तार, तारेला गळ आणि गळाला शिंपल्यातलं मांस. काठी कपारीत घालायची, आतल्या अंधारात हलकेच फिरवायची आणि हाताला काय कळतंय याची वाट बघायची. आत बहुतेक वेळा वाम असते, सापासारखी लांब आणि महाहट्टी. गळ लागला की ती अंग दगडाला आवळून बसते. अशा वेळी ओढणारा फसतो. ओढायचं नाही, सोडायचंही नाही, नुसता ताण धरून ठेवायचा आणि ती कंटाळेपर्यंत आपण कंटाळायचं नाही. जन्मात कोणाचं अक्षर ऐकून न घेतलेली थोरली या एका कामात कमालीची सोशिक होती. तिच्या नवऱ्याचं म्हणणं असं, की बायकोचा सगळा धीर वामींवर खर्च होतो आणि घरी येईपर्यंत शिल्लक काही राहत नाही.

यात एक मोठी अडचण असते. चांगल्या कपारींची तोंडं समुद्राकडे असतात, म्हणजे काठी घालणाऱ्याची पाठ समुद्राकडे होते. आणि समुद्र ओहोटीतही झोपलेला नसतो. मधेच एखादी दांडगी लाट येते आणि वाकलेल्या माणसाला उचलून दगडावर आपटते. म्हणून त्या किनाऱ्यावर एकटं कोणी जात नाही. एकीने काठी धरायची, दुसरीने तिच्या पाठीमागच्या उंच खडकावर समुद्राकडे तोंड करून राखणीला उभं राहायचं. लाट दिसली की तिने एकच शब्द ओरडायचा, "आली." खालचीने "हो" म्हणायचं, हातातलं सगळं सोडायचं आणि खडकाला मिठी मारायची. वळून बघायचं नाही, विचारायचं नाही. आणि राखण करणारीने काही झालं तरी काठीकडे बघायचं नाही. केवढाही मासा लागू दे, बघायचं नाही. थोरलीची सासू सांगायची, की तिच्या तरुणपणी तिची राखण करणारी मैत्रीण एका मोठ्या वामीसाठी एवढीशी वळली होती. सासूबाई त्यानंतर आयुष्यभर डावा पाय ओढत चालल्या.

दोन्ही सुनांना त्यांनीच खडकांवर नेलं. काठी थोरलीच्या हातात दिली आणि राखणीला धाकटीला उभं केलं. कारणही तिथल्या तिथे सांगून टाकलं. "थोरली दिवसभर बोलतच असते, तिने हाक दिली तर कोण लक्ष देणार? ही कधी बोलत नाही. ही बोलली की कळेल."

धाकटी म्हणजे थोरलीची जाऊ. पावाच्या कारखान्यात पाकिटं भरायचं काम करायची. अंगाने बारीक, आवाजाने त्याहून बारीक, आणि घरात तो आवाजही फारसा कोणाला ऐकायला मिळत नसे. जेवायला बसली तर मीठ मागायची नाही, कमी असेल तर तसंच खायची. पण खडकावर उभी राहून तिने "आली" म्हटलं की ते शिट्टीसारखं लाटांच्या आवाजातून आरपार यायचं. तीसेक वर्षं हे चालू होतं. धाकटीने एवढ्या वर्षांत एकही वाम कपारीतून बाहेर येताना बघितली नव्हती. बादलीत पडलेल्या बघितल्या, ताटात बघितल्या.

मग एक दिवस थोरलीची सुई तुटली.

सुई तुटणं ही काही मोठी गोष्ट नाही. पण थोरलीची तुटत नसे. सुई बोथट झाली की कापडातून जाताना ठक ठक असा आवाज येतो, आणि तो पहिला ठक आला की ती सुई बदलायची. त्या दिवशी जाड पँटीच्या शिवणीत सुई कडकन मोडली आणि तुकडा तिच्या गालाला चाटून गेला. चावीवाला म्हणाला, "सकाळपासून ठकठक चालली होती. म्हटलं, तुम्हाला कळलंच असेल."

तिने त्याला कामाकडे लक्ष द्यायला सांगितलं. मग नवी सुई लावून कितीतरी वेळ नुसतंच चाक फिरवत, कान मशीनला लावून बसून राहिली.

दोरे आणायच्या निमित्ताने ती शहराच्या पार दुसऱ्या टोकाला कानाच्या डॉक्टरकडे जाऊन आली. जवळच्या डॉक्टरकडे गेली असती तर संध्याकाळपर्यंत गल्लीत दवंडी पिटली गेली असती. डॉक्टरने सांगितलं की वयाने होतं, पुढे वाढतही जाईल, आणि आधी जातात ते बारीक, उंच आवाज.  जगात तिच्या ओळखीचा एकच आवाज तसा होता. डॉक्टरने कानात घालायचं यंत्रही दिलं. दुकानात त्याचा उपयोग व्हायचा, पण वारा सुटला की ते कानात पत्र्यावर वाळू ओतल्यासारखा गोंगाट करायचं, आणि खडकांवर वारा नाही असा दिवस नसतो. तिने ते बटणांच्या डब्यात टाकून दिलं आणि कोणाला ताकास तूर लागू दिली नाही.

सांगितलं असतं तर काय झालं असतं? काठी गेली असती, दुसरं काय. जिला हाक ऐकू येत नाही तिला काठी धरता येत नाही, एवढी सरळ गोष्ट होती. आणि काठी गेली की थोरली म्हणजे जिन्याखाली बसून लोकांच्या चेनी बदलणारी एक बाई उरणार होती. हे तिला सोसवण्यासारखं नव्हतं. म्हणून तिने नाही तो शहाणपणा सुरू केला. आधीच बोलकी, ती आणखी बोलायला लागली, म्हणजे समोरच्याला बोलायला जागाच मिळायची नाही. गिऱ्हाइकाला ती खडू देऊन सांगायची, हवं तिथे खूण कर, मला तोंडी सांगू नकोस. आणि खडकांवर ती वरच्या, उथळ कपारींत काठी घालायला लागली, मधून मधून मान वळवून मागे बघायला लागली. मासा लागेनासा झाला. "यंदा वामींनाच काही झालंय," ती म्हणायची, आणि वामी काही उलटून बोलत नाहीत.

हिवाळ्याच्या शेवटी पहाटे फार मोठी ओहोटी लागली. पाणी इतकं मागे हटलं की सासूबाईंच्या वेळची खालची कपार उघडी पडली. थोरलीला राहवलं नाही. ती उतरली, वाकली, काठी आत घातली, आणि आत कोणीतरी ती हिसडली. नुसती वाम नव्हती, घरची मालकीण होती. थोरलीने ताण धरला. महिनोन्महिन्यांनी हातांना ती ओढ कळली आणि ती मागे बघायचं, घाबरायचं, सगळं विसरली.

तिला पहिल्यांदा कळलं ते धाकटीच्या अंगाचं वजन. धाकटी वरच्या खडकावरून खाली येऊन तिच्या पाठीवर आदळली, दोघी खडकाला चिकटल्या आणि वरून सगळा समुद्र गेला. पाणी ओसरलं तेव्हा काठी वाहून गेली होती आणि धाकटीचा हात कोपरापासून मनगटापर्यंत धारदार शिंपल्यांवर सोलवटला होता. थोरलीला साधं खरचटलंही नव्हतं.

घाबरलेल्या थोरलीला एकच गोष्ट करता यायची. "तोंडात मिठाची गुळणी धरली होतीस का?" ती ओरडली. "आवाज का नाही दिलास?"

धाकटीचे ओठ हलले. थोरलीने मान फिरवली.

घरी तिने नवऱ्याला तेच सांगितलं, की धाकटीने आवाज दिला नाही. नवऱ्याने ते भावाला सांगितलं, भावाने बायकोला विचारलं, आणि खडकांवर जाणाऱ्या बाकीच्या बायकांपर्यंत गोष्ट पोचली तोवर धाकटी तिथे उभ्या उभ्या डुलकी घेत होती असं तिचं रूप झालं होतं. राखणीला उभ्या असलेल्या बाईबद्दल याहून वाईट बोल नसतो. धाकटी हाताला टाके आणि पट्टी घेऊन कारखान्यात जात राहिली आणि कोणाला काही बोलली नाही.

आपण खोटं बोललो असं थोरलीला वाटत नव्हतं. आवाज आला नव्हता, हे खरंच होतं. दिला गेला होता की नाही, तिकडे ती मन जाऊ देत नव्हती. एवढ्याशा खऱ्यावर तिने कसेबसे काही दिवस ढकलले. झोप मात्र लागत नव्हती. कपड्यांवर टिपा वाकड्या पडायला लागल्या.

मग एका दुपारी तिने मशीनवरून सहज डोळे वर केले. गल्लीच्या तोंडाशी धाकटी उभी होती आणि तिच्याकडे बघून हाक मारत होती. तोंड उघडं, मानेची शीर ताठ. "जाऊबाई." ओठांवरून शब्द स्पष्ट दिसत होता. तिकडे चावीवाल्याने कानस थांबवून हाकेच्या दिशेने मान वळवली. थोरलीच्या कानांत मात्र बाजाराची नेहमीची घरघर होती, त्याखेरीज काही नव्हतं.

म्हाताऱ्याला ऐकू गेलं होतं.

धाकटी आत येऊन स्टुलावर बसली. पट्टीचा हात मांडीवर ठेवला आणि बोलायला लागली. थोरली तिच्या ओठांकडे बघत राहिली.

"माझाच आवाज बसला असेल," धाकटी म्हणत होती. "वयाने होतं म्हणतात. मी ओरडले असं मला वाटलं, पण तुम्हाला आलं नाही म्हणता म्हणजे आलं नसेल. तेव्हा आता तुम्ही दुसरी कोणी तरी बघा. माझ्या भरवशावर नका जाऊ. तेवढं सांगायला आले."

थोरलीला तेव्हा स्वतःची जेवढी लाज वाटली तेवढी कधी वाटली नव्हती. या बाईने हात फाडून घेतला होता आणि वर दोषही स्वतःच उचलून आणून दिला होता.

"किती वेळा हाक मारलीस?" तिने विचारलं.

"तीनदा. मग उतरले."

"आवाज तुझा शाबूत आहे. कान माझे गेलेत."

हे ती हळू बोलली, असं तिला वाटलं. पण स्वतःचा आवाज तरी तिला कुठे नीट कळत होता? चावीवाल्याची कानस थांबली. जिन्यावरून उतरणारे दोघेजण जागच्या जागी उभे राहिले. संध्याकाळपर्यंत गल्लीत ज्याला त्याला कळलं, आणि एका अर्थी ते बरंच झालं, कारण धाकटीच्या डुलकीची गोष्ट त्याच गल्लीतून फिरली होती आणि आता ती खोटी पडली.

 धाकटीने तोंड उघडलं आणि ती बोलतच सुटली. डोळ्यांत पाणी, भराभर, एका दमात. थोरलीला अर्धंही समजलं नाही.

"हळू बोल," ती म्हणाली. "तोंड इकडे कर. मला दिसू दे."

दुसरं कोणी असतं तर तिथेच विझलं असतं. धाकटीने डोळे पुसले, स्टूल पुढे ओढलं आणि सगळं पुन्हा पहिल्यापासून, एकेक शब्द सुटा करून बोलली. "मी हाक मारली की तुम्ही ऐकता, एवढ्या एका गोष्टीवर मी तिथे उभी असते. तुम्ही ऐकत नाही, हे मला कोणी सांगायचं? वामीने? माझ्या डोळ्यांदेखत तुम्ही गेला असता आणि जन्मभर मी म्हणत बसले असते, आपण जोरात ओरडलो नाही."

थोरलीने आयुष्यात पहिल्यांदा कोणाचं तरी शेवटपर्यंत ऐकून घेतलं. मग म्हणाली, "चुकलं माझं." आणि लगेच म्हणाली, "काठी आता तू धर."

"मी? मी तर कधी बघितलंसुद्धा नाही."

"शिकशील."

धाकटी जराशी हसली. "शिकायचं काय त्यात. तुम्ही बोलत असता की सगळं. आधी म्हणता, कोण आहे गं आत. मग म्हणता, आहे, आहे, म्हणजे हाताला लागलं. मग एकदम गप्प होता, तेव्हा ताण धरलेला असतो. तुम्ही गप्प असलात की मी जास्त लक्ष देऊन समोर बघते. मग शिव्या द्यायला लागता, म्हणजे निघाली."

म्हणजे शिकायचं उरलं होतं ते थोरलीलाच. इतक्या वर्षांत समुद्राकडे तिने धड बघितलंच नव्हतं, तो तिच्या पाठीमागची गोष्ट होता. धाकटीने तिला धक्क्यावर नेऊन उभं केलं आणि समजावलं, की जवळच्या लाटेकडे बघायचं नाही, ती काही करत नाही. लांब, पाणी आणि आभाळ मिळतं तिथे बघायचं. तिथली रेघ कुठे जाड झाली की मोठी निघाली समजायचं. आणि एक येऊन गेली म्हणून डोळे काढायचे नाहीत, तिच्यामागे बहुतेक दुसरी असते. थोरली मुकाट ऐकत होती. एकच प्रश्न उरला. धाकटीने खालून "हो" म्हटलेलं हिला ऐकू येणार नाही, आणि वळून तर बघायचं नाही. तेव्हा असं ठरलं, की काठी दोरीने खडकाला बांधून ठेवायची आणि लाट गेली की धाकटीने तिच्या बुडाने हिच्या पाठीत ढोसायचं. थोरलीचा नवरा म्हणाला, हे काम करायला तो कधीही तयार आहे.

पुढच्या मोठ्या ओहोटीला, धाकटीच्या हाताची जखम भरून आल्यावर, दोघी नवा बांबू घेऊन गेल्या. धाकटी कपारीशी उतरली. थोरली वरच्या खडकावर समुद्राकडे तोंड करून उभी राहिली. रिकाम्या हातांचं काय करायचं ते तिला कळेना. मानेत वळवळ सुटली, एकदा, फक्त एकदा मागे बघावं. मागे धाकटी होती, काठी होती, कदाचित वामही लागली होती, पण त्यातलं काहीच तिच्यापर्यंत येत नव्हतं. समोर नुसतं पाणी. काही घडत नव्हतं, आणि त्या काहीच न घडण्याकडे पापणी न हलवता बघत राहायचं, एवढंच ते काम होतं. थंडीत, वाऱ्यात, कारखान्याची पाळी करून येऊन, धाकटी वर्षानुवर्षं इथे उभी राहून हेच करत आली होती. मासा कोणाचा म्हटला जायचा, थोरलीचा. बादली घेऊन गल्लीतून पुढे कोण चालायचं, थोरली. आपल्यावर कोणी इतकं प्रेम केलंय आणि आपल्याला पत्ता नाही, असं तिला वाटलं.

तेवढ्यात लांबची रेघ जाड झाली.

"आली!" ती ओरडली. केवढ्याने ओरडली ते तिला समजलं नाही, पण आजूबाजूच्या खडकांवरचे पक्षी सगळे एकदम उडाले. तिने खडकाच्या कडेला हात घट्ट रोवले. लाट गुडघ्यांवरून कमरेपर्यंत चढली, तिला गदागदा हलवून गेली आणि फेस खाली निथळायला लागला. डोळे तिने समोरच ठेवले होते. मागे दुसरी येत होती, पण लहान होती.

पाठीला काही लागलं नाही.

ती थांबली. फेस निथळून गेला, खडक उघडे झाले, तरी काही नाही. तिने पुन्हा हाक मारली. वळावं तर समोरून डोळे जाणार, आणि न वळावं तर मागे कोणी आहे की नाही तेच माहीत नाही. त्या दिवशी धाकटीने तीनदा हाक मारली होती आणि एकदाही तिला "हो" आलं नव्हतं. तीनदा ती इथे, अशीच उभी होती. 

मग बांबू बरगडीत बसला. जरा जास्तच जोरात बसला, आणि तिला ते रास्त वाटलं. डोळे भरून यायला लागले तशी तिने घाईने बाहीने पुसले. राखणीला उभं राहून रडता येत नाही, समोरचं दिसेनासं होतं. खाली धाकटीने काठी पुन्हा कपारीत घातली असणार. थोरली त्या लांबच्या रेघेकडे बघत राहिली.